सेंट ज्यूड, कॉटन ग्रीन : खोलीपेक्षा स्वयंपाकघरासाठी

सेंट ज्यूड म्हणजे कॅन्सरच्या उपचाराला मुंबईत आलेल्या लहान मुलांना आणि त्यांच्या आईबापांना राहायला जागा देणारी संस्था. आधीच सांगते, लॉजसारखं बॅगा घेऊन दारात उभं राहिलं की खोली मिळते असं इथं नाही. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात मुलांच्या ओपीडीला सोशल वर्कर मॅडम असतात, त्यांच्याकडे जायचं. घर कुठं, कमाई किती, मुंबईत कुणी नातेवाईक आहे का, सगळं विचारतात. लाजू नका, खरं ते सांगा. त्यांच्याकडून नाव गेलं आणि जागा असली की सोय होते. राहण्याचा एक रुपया लागत नाही. हॉस्पिटलला नेणाऱ्या गाडीचा नाही, दर आठवड्याच्या राशनचाही नाही.

आम्ही उदगीरचे. मुलगा सहा वर्षांचा असताना रक्ताचा कॅन्सर निघाला. एएलएल म्हणतात त्याला, लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळतो तोच. सुरुवातीला हॉस्पिटलजवळच्या एका लॉजवर राहिलो, नाव लिहीत नाही. अख्ख्या मजल्याला एक संडास, आणि खोलीत शेगडी लावायला बंदी. मग काय, सकाळी गाडीवरची इडली, रात्री कुठला तरी डाळभात. केमोनं, म्हणजे कॅन्सरच्या औषधांनी, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, टाटात सगळे त्याला "काउंट पडला" म्हणतात. काउंट पडलेल्या पोराला बाहेरचं अन्नपाणी म्हणजे विषच. आमच्या पोराला ताप चढला आणि ॲडमिट करावं लागलं. तिथं तापाला कुणी साधा ताप म्हणत नाही, रात्रीचे तीन वाजलेले असोत, फाइल घेऊन पळायचं.

त्यानंतर कॉटन ग्रीनला आलो. मुंबई बंदराच्या, पोर्ट ट्रस्टच्या, जुन्या इमारती आहेत, आतून नीट केलेल्या. प्रत्येक कुटुंबाला आपली जागा, पलंग, सामान ठेवायला कपाट. जागा मोठी नाही आणि मोठी लागतही नाही. खरी गंमत स्वयंपाकघरात आहे. ते सगळ्यांचं मिळून एक, पण शेगडी ज्याची त्याला. आपल्या पोराचं आपणच रांधायचं. फुकट जेवणाचं ताट देणाऱ्या जागा मुंबईत पुष्कळ असतील. इथं आईच्या हातात पळी देतात, हे मला त्याहून मोठं वाटलं.

का, ते सांगते. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. पोराचं तोंड सुजून गोल होतं आणि भूक अशी लागते की विचारू नका. आमचा पहाटे पाचला उठून वरणभात मागायचा. साधा नाही, वर लसणाची फोडणी हवी. वाटीभर खाऊन झालं की तासाभरात पुन्हा, "आई, भूक." पुढं स्टेरॉइड थांबलं आणि उलटंच झालं. तोंड आलं, घास गिळवेना, वास सहन होईना. शेजारच्या शेगडीवर मुर्शिदाबादची एक बाई होती. तिनं मोहरीचं तेल तापवलं की हा तोंड फिरवून ओकायचा. तिला सांगितल्यावर तिनं मुकाट्यानं आपली फोडणीची वेळ बदलली. तिच्या पोरीलाही आमच्या भाजल्या मिरचीचा ठसका लागत होता, ते मला नंतर कळलं. मग मीही ठेचा बंद केला. माझं हिंदी दिव्य, तिचं त्याहून. पण दोघींचं अडलं नाही.

स्वच्छतेला मात्र सूट नाही. चपला बाहेर, हात धुतल्याशिवाय पोराला शिवायचं नाही, पाणी उकळलेलं, अन्न ताजं, नातेवाइकांचा गोतावळा नको. आमच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "हे काय सोवळं गं बाई!" सोवळंच आहे, पण कामाचं. ज्यांना कुणी सांगितलेलं चालत नाही त्यांना इथं जड जाईल.

आता जरा वेगळं लिहिते, कारण हे आधी कुणी आम्हाला समजावलं नव्हतं. एएलएलचा पूर्ण उपचार दोन-अडीच वर्षांचा असतो. पण पहिल्या महिन्यानंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. पोरगं खेळायला लागतं. गावाकडून फोन सुरू होतात, झालं की बरं, आता या, पेरणी आहे. पैसेही संपलेले असतात, राहायला जागा नसते. कितीतरी घरं तिथूनच परत जातात, आणि मग आजार उलटतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत बऱ्याच ठिकाणी 30 टक्केही नाहीत. उशिरा निदान, औषधांची मारामार ही कारणं आहेतच, पण अर्धवट सोडलेला उपचार हेही एक मोठं कारण आहे. आमच्या ह्यांचीही चुळबुळ सुरू झाली होती. तिथल्या समुपदेशक ताईंनी त्यांना बसवून पुढचे टप्पे कागदावर काढून दाखवले. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

हे काम 2006 साली श्यामा आणि निहाल कविरत्ने या जोडप्यानं मुंबईतच सुरू केलं. आता इतर शहरांतही केंद्रं आहेत, आपल्याकडे खारघरलाही आहे. मुलांना शिकवायला बाई येतात, गाणी, चित्रं असतात. आमच्याचं पहिलीचं वर्ष बुडालं नाही, पाढे तिथंच पाठ झाले. टक्कल झालेली दहा पोरं एकत्र दिसली की त्यालाही टोपी घालावीशी वाटेना.

कमी काय? जागा. येणाऱ्या मुलांच्या मानानं ती थोडीच आहे. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर अजूनही चादरी अंथरून लोक दिसतात. शिवाय हे लहान मुलांसाठीच आहे, मोठा पेशंट असेल तर विचारू नका. नंबर लागेपर्यंत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथं चौकशी करा, दोन्हीकडे अगदी कमी पैशांत सोय होते. औषधांसाठी सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं पहिल्याच आठवड्यात विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलतही विसरू नका. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट. त्याला हॉस्पिटलचा दाखला लागतो. आम्ही सुरुवातीला पूर्ण भाडं भरून येत होतो, कुणी सांगितलंच नव्हतं.

मेंटेनन्स, म्हणजे उपचाराचा शेवटचा लांबलचक टप्पा, सुरू झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली की गावी जायचं आणि बोलावलं तसं तपासणीला यायचं. रोजच्या गोळ्या घरीच चालतात.

पाचपैकी पाच. मराठवाड्यातून येणाऱ्या बायांनो, काटवट आणि भाकरीचा लोखंडी तवा घरून आणा, ज्वारीचं पीठ येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवत जा. आणि ठेचा करायचाच असेल तर शेजारणीला आधी विचारा.