मुलीच्या खाण्याचा ऑनलाइन हिशोब: तीन स्टार, आणि त्यातला एक डाएटिशियन बाईंचा

जुलैमध्ये लेकीचं हिमोग्लोबिन १०.४ आलं. वय १५, दहावीचं वर्ष, म्हणजे घरात आधीच काय वातावरण आहे ते ज्यांच्याकडे दहावी आहे त्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले एकदा खाण्याचंही बघून घ्या, म्हणून कर्वेनगरमधल्या एका डाएटिशियन बाईंकडे गेलो. दोन भेटी आणि एक ऑनलाइन प्रश्नावली मिळून १८०० रुपये. हा रिव्ह्यू मुख्यतः त्या प्रश्नावलीचा आहे, कारण बऱ्याच क्लिनिकमध्ये आता अशीच लिंक पाठवतात आणि आपण डोळे झाकून भरून टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, उगाच वाद नको.

फॉर्मचे दोन भाग आहेत. पहिल्यात गेल्या महिन्याभरात कुठला पदार्थ किती वेळा खाल्ला, रोज, आठवड्यातून दोनदा, महिन्यातून एकदा, असं टिक करत जायचं. दुसऱ्यात काल दिवसभरात काय काय पोटात गेलं ते सकाळपासून रात्रीपर्यंत सांगायचं, आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक सुट्टीचा.

पहिला भाग आम्ही ऐन श्रावणात भरला आणि तिथेच सगळं फसलं. श्रावणात आमच्याकडे अंडी बंद, एरवी आठवड्यातून तीनदा असतात. चार सोमवार साबुदाण्याची खिचडी. फॉर्मला श्रावण बिवण काही माहीत नाही, त्याने सरळ निष्कर्ष काढला की ही मुलगी अंडी खातच नाही, सुरू करा. आणि साबुदाणा हे हिचं मुख्य अन्न! हेच मे महिन्यात भरलं असतं तर आंब्यावर जगणारी मुलगी निघाली असती. बरं, पालेभाजीच्या प्रश्नावर मी "आठवड्यातून चारदा" म्हणाले, कारण मी चारदा करते. ती म्हणाली, "आई, तू करतेस. मी खाते का?" भाज्या-फळांचे आकडे अशा यादीवाल्या प्रश्नावल्यांमध्ये फुगतात असं ऐकलं होतं, ते का फुगतात हे त्या दिवशी कळलं.

पदार्थांची यादी हा तर वेगळाच विनोद. पनीर बटर मसाला आहे, राजमा आहे, नान तीन प्रकारचे आहेत. आमटी नाही, जवळचं म्हणून "दाल तडका" निवडा. पिठलं म्हणजे "बेसन करी". थालीपीठ सापडेना म्हणून शेवटी सर्च केलं तर ते "पॅनकेक" खाली निघालं, हसावं की रडावं. घडीची पोळी आणि फुलका एकच धरलाय, आता घडीत जे तेल जातं ते कोण मोजणार? आणि एसपीडीपी टाइप केलं तर "आपल्याला असं म्हणायचं आहे का: स्पेगेटी". पुण्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं खाणं मोजायला निघालात आणि शेव पोटॅटो दही पुरी यादीत नाही, मग क्लास सुटल्यावरचा अर्धा आहार गेलाच की बाहेर.

याबद्दल मी बाईंशी वाद घातला तेव्हा त्यांनी कारण सांगितलं ते पटलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, ५२८ पदार्थ आहेत त्यात, पण ते बहुतेक सगळे कच्चे. तांदूळ, तूरडाळ, मेथी, शेंगदाणे असे. म्हणजे आमटीत काय किती जातं हे कोणीतरी आधी रेसिपी म्हणून बसवावं लागतं, मग कुठे कॅलरी निघणार. या ॲपवाल्यांनी रेसिपी बसवल्या त्या उत्तरेकडच्या स्वयंपाकाच्या. आमच्या आमटीतला गूळ आणि दाण्याचं कूट हिशोबात आलंच नाही.

आता चांगलं. कालच्या दिवसाचा जो दुसरा भाग आहे तो खरंच विचार करून केलाय. आधी फक्त भराभर नावं सांगा म्हणतो, अडवत नाही. मग विचारतो, काही विसरलं का: चहा, बिस्किट, चॉकलेट, मैत्रिणीच्या डब्यातला घास, कोल्ड कॉफी. (कोल्ड कॉफी निघाली. मला पत्ता नव्हता.) मग प्रत्येक गोष्ट किती वाजता आणि कुठे खाल्ली, मग किती, आणि शेवटी सगळं परत एकदा दाखवतो. ही पाच टप्प्यांची पद्धत मूळ अमेरिकेच्या कृषी खात्याची, तिथे माणूस फोनवर विचारतो. "किती" साठी वाट्यांचे फोटो आहेत, स्टीलच्याच, तीन मापांच्या, भात कुठपर्यंत भरलाय ते बोटाने दाखवायचं. एक कप, अर्धा औंस वगैरे भानगड नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाने इन्टेक२४ म्हणून अशीच एक सिस्टीम केली आहे, ती मुळात स्कॉटलंडमधल्या ११ ते २४ वयाच्या पोरांसाठी होती, म्हणजे या वयाला कागदी डायरी देऊन काही होत नाही हे तिकडेही कळलंय.

एक प्रश्न मला उद्देशून होता: घरात महिन्याला किती तेल आणि किती माणसं? पाच लिटरचा डबा, चार माणसं, असं मी तोऱ्यात लिहिलं आणि मग मोबाइलवर भागाकार केला. साधारण साडेचार किलो, भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज ३८ ग्रॅम. पोषण संस्थेने दिवसभरासाठी सुचवलेलं दोन हजार कॅलरीचं ताट आहे त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, आणि आमच्या हिशोबात तूप अजून आलंच नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला पाहुणे येतात ना. येतात हो, पण रोज नाही येत.

तर आता मुख्य तक्रार. सुट्टीच्या दिवसाचा फॉर्म आम्ही दोघींनी डायनिंग टेबलवर बसून भरला. पहिलाच प्रश्न, सकाळी उठल्यावर काय घेतलं. ती म्हणाली काही नाही, मी म्हटलं दूध दिलं होतं की, त्यावर जो चेहरा झाला त्यावरून मला कळलं की बाल्कनीतल्या जास्वंदीला एवढी पालवी कशामुळे आलीय. पुढचे सगळे प्रश्न मग तिने एका शब्दात उरकले. बाकीचे दोन दिवस तिने एकटीने भरले पण फॉर्म सबमिट केला की रिपोर्टची पीडीएफ थेट पालकांच्या ईमेलवर येते आणि हे पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलंय, मग कोण सांगणार की डबा रिक्षावाल्या काकांना दिला आणि स्वतः वडापाव खाल्ला?

रिपोर्टमध्ये दिवसाची सरासरी आली ११५० कॅलरी. लाल रंगात. मी घाबरले. या वयाच्या मुलीला आपल्याकडे २४०० धरतात, म्हणजे निम्म्याहून कमी! बाईंनी रिपोर्ट पाहिला, मग तिला वजनकाट्यावर उभं केलं, वर्षात तीन किलो वाढलेलं, उंचीही वाढतेय, आणि शांतपणे म्हणाल्या, ११५० वर जगणारी मुलगी अशी दिसत नाही, उपाशी तुमची मुलगी नाहीये, फॉर्म आहे. मग त्यांनी सांगितलं की शास्त्रज्ञ एक खास पाणी प्यायला देतात ज्यातले हायड्रोजन-ऑक्सिजनचे जड अणू लघवीत मोजून शरीराने खरी किती ऊर्जा खर्च केली ते काढता येतं, आणि त्याच्याशी ताडून पाहिलं की लोक बोलताना कमीच खाल्लं असं सांगतात हे दिसतं. टीनएजर जरा जास्तच. खोटं बोलायचं म्हणून नाही, काही विसरतात, काही लाजतात, आणि काही ठिकाणी आई शेजारी बसलेली असते. हे बोलून झाल्यावर मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का.

बसले. बाहेर दुसरी एक आई बसली होती, तिचा मुलगा आत जायला तयार नव्हता.

गणपती झाल्यावर दुसरा राउंड झाला. लिंक फक्त लेकीच्या फोनवर, रिपोर्ट फक्त बाईंकडे. ते सेटिंग फॉर्ममध्ये आहे, पण क्लिनिकच्या बाजूने बदलावं लागतं आणि कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा आधीच विचारून घ्या. या वेळी किती कॅलरी आल्या मला माहीत नाही, विचारलंही नाही (एकदाच विचारलं). एवढंच सांगितलं गेलं की क्लासच्या मधल्या सुट्टीत डबा संपला की लगेच चहा असतो, रोज. खाल्ल्याखाल्ल्या चहा घेतला तर जेवणातलं लोह शरीराला नीट घेता येत नाही. मी महिनाभर पालक, बीट, खजूर करत होते, यूट्यूबवर बघून हळीवाचे लाडूसुद्धा, आणि गडबड घड्याळात होती. फॉर्ममधल्या "किती वाजता" या प्रश्नाने हे पकडलं, ते क्रेडिट त्याला द्यायलाच हवं. आता चहा तासाभराने आणि डब्यात लिंबाची फोड. नोव्हेंबरमध्ये हिमोग्लोबिन ११.६ आलं, अर्थात गोळ्या चालूच होत्या, तेव्हा कशाने किती वाढलं ते देव जाणे.

पुण्याला खरं तर हे काम नवीन नाही. केईएम हॉस्पिटलच्या लोकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांना त्या काय खातात ते विचारलं, आणि ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं जन्मतः चांगली भरलेली निघाली. ते सगळं माणसांनी समोर बसून विचारलेलं. आमटीला दाल तडका म्हणायची वेळ तिथे आली नसेल.

भरणाऱ्यांसाठी: एका दिवसाला पंचवीस मिनिटं लागतात, पहिल्या भागाला पाऊण तास. मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर बरं, वाटीचे फोटो नीट दिसतात. सणावाराचा महिना टाळा. आणि रात्री साडेअकराला भरायला बसू नका, बारा वाजले की फॉर्मचं "काल" बदलतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं, आमचं दोनदा गेलं.