क्लाउडवरचा टॅली आणि अडकलेला डेटा: सांगलीच्या एका आडत दुकानाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं आडत दुकान आहे आणि मराठवाड्यात वसमतला शाखा आहे. दोन्हीकडचे हिशेब मी बघते. 2025 च्या मार्चमध्ये, सौदे ऐन भरात असताना, आमचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा एका क्लाउड होस्टिंगवाल्याने (तो इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवून देणाऱ्याने) अडकवला. तो आम्हाला आजही मिळालेला नाही. यार्डातल्या कितीतरी पेढ्यांनी, बेदाणा-गुळाच्या व्यापाऱ्यांनी, सीएंच्या ऑफिसांनी हीच सेवा घेतलेली आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

क्लाउडची गरज खरी होती. वसमतला माल उतरला की त्याची पट्टी तिथे व्हायची, पैसे सांगलीहून जायचे, आणि शेतकऱ्याला दिलेली उचल कोणत्या वहीत लिहिली यावरून रोज फोनाफोनी व्हायची. एकच टॅली दोन्ही गावांहून उघडला तर हा घोळ मिटणार होता, आणि सुरुवातीला तो मिटलाही. पाच युजर, दरमहा प्रत्येकी 650 रुपये. विक्रेता पुण्याचा. त्याच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत होतं: मुंबईत स्वतःचं डेटा सेंटर, रोजचा बॅकअप, 99.9 टक्के अपटाइम (सेवा चालू राहण्याचा वेळ). माणूस दुकानात येऊन बसला, चहा घेतला, आमच्या दिवाणजींना शेजारी बसवून शिकवून गेला. "मॅडम, डेटाची काळजी आता आमची," हे त्याचे शब्द.

एक गोष्ट मात्र त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. टॅली उघडायचा तो आमच्या स्क्रीनवर, पण तिथली कुठलीही फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवता येत नव्हती. विचारलं तर म्हणाला, सिक्युरिटीसाठी बंद ठेवलंय, बॅकअप आम्ही घेतोच. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचं आहे. टॅलीचा डेटा म्हणजे आकड्यांचं नाव असलेलं एक फोल्डर. आमच्यासारख्या पेढीचं वर्षभराचं फोल्डर साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावतं, कॉपी व्हायला काही मिनिटं लागतात. ते मालकालाच उतरवून न देण्यामागे सुरक्षेचं कारण नसतं. गिऱ्हाईक हातातून सुटू नये, हे कारण असतं. रोज रात्री आपल्या फोल्डरची कॉपी आपल्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर येत नसेल, तर बाकी माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो, ती सेवा घेऊ नका.

2025 च्या जानेवारीत त्याचा फोन आला. दर वाढणार आहेत, तीन वर्षांचे एकदम भरले तर जुनाच भाव. 1,17,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,060. एकूण 1,38,060. बिल आलं, पैसे गेले. फेब्रुवारीच्या मध्याला जीएसटी पोर्टलवर जानेवारीचं 2बी, म्हणजे विक्रेत्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, निघालं, त्यात हे बिल नव्हतं. 2022 च्या जानेवारीपासून नियम असा आहे की विक्रेत्याने आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवून ते तुमच्या 2बीत उतरल्याशिवाय त्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. फोन केला तर उत्तर आलं, "पुढच्या महिन्यात दिसेल मॅडम, आमच्या सीएंकडून राहिलं." पोर्टलवर कुणाचाही जीएसटी नंबर टाकला की त्याची नोंदणी चालू आहे की रद्द, रिटर्न कधीपर्यंत भरलीत, हे लॉगिन न करताही दिसतं. आमच्या सीएंनी तसं पाहिलं तर त्याने आधीचे कित्येक महिने रिटर्नच भरलेली नव्हती. आमच्याकडून घेतलेला कर सरकारकडे गेलाच नव्हता. जो सरकारचे पैसे थकवतो, तो आपल्या सर्व्हरचं भाडंही थकवत असणार, हे पुढच्याच महिन्यात कळलं.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी टॅली उघडेना. वसमतहूनही उघडेना. आधी "मेंटेनन्स चालू आहे", मग "रात्रीपर्यंत होईल", मग फोन लागेना. 20 तारखेचं 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, डोक्यावर, दारात हळदीच्या गाड्या, आणि कोणाची किती उचल बाकी आहे हे सांगणारी वही बंद. शेवटी व्हॉट्सअॅपवर निरोप आला की जुना सर्व्हर गेला आहे, डेटा नव्या सर्व्हरवर न्यायचा तर 40,000 रुपये मायग्रेशन चार्ज आधी भरा. आम्ही कळवलं, डेटा दाखवा, पैसे लगेच देतो. एका खात्याचा साधा स्क्रीनशॉटसुद्धा आला नाही. आम्ही ते पैसे भरले नाहीत. यार्डातल्याच दुसऱ्या एका पेढीने तशाच मागणीवर भरले, आणि त्यांनाही काही मिळालं नाही.

माझा पुतण्या पुण्यात नेटवर्किंगचं काम करतो. त्याने आमच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या जोडणीतला सर्व्हरचा आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, शोधून काढला. तो मुंबईचा नव्हता, जर्मनीतल्या एका मोठ्या होस्टिंग कंपनीचा होता. आमच्या पुण्याच्या विक्रेत्याने तिथे एक मशीन भाड्याने घेतलं होतं, त्यात आम्हा सगळ्यांना भरलं होतं, आणि भाडं थकल्यावर त्या कंपनीने मशीन बंद केलं होतं. ज्याला तो रोजचा बॅकअप म्हणत होता तो त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर पडत होता. जर्मन कंपनीला आम्ही ईमेल केला. उत्तर सभ्य होतं: आमचा करार खातेदाराशी आहे, त्याच्याशिवाय कोणालाही डेटा देता येत नाही. त्यांच्या दृष्टीने आमची पेढी अस्तित्वातच नव्हती.

सर्व्हर कुठे आहे हे तपासायला पुतण्याने मला जी पद्धत दाखवली ती कोणालाही जमेल. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे तो आयपी अॅड्रेस टाकायचा. सर्व्हर मुंबईत असेल तर सांगलीहून उत्तर साधारण 10 ते 40 मिलिसेकंदांत येतं. युरोपात असेल तर 100 च्या पुढेच जातं, कारण समुद्राखालच्या केबलमधून जाऊन यायला तेवढा वेळ लागतोच, कितीही भारी कनेक्शन घेतलं तरी. काही सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. तेव्हा आयपीची नोंद कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. परदेशातला सर्व्हर म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही. मुंबईचा सांगून जर्मनीचा दिला, ती फसवणूक.

आणि बॅकअप त्याच जागी असणं किती घातक, याला प्रामाणिक आणि मोठ्या कंपन्याही अपवाद नाहीत. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या कंपनीची एक अख्खी डेटा सेंटरची इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा ग्राहकांचं दोन्ही गेलं. 99.9 टक्के अपटाइमचं वचनही नीट समजून घ्या. त्याचा अर्थ वर्षात पावणेनऊ तास बंद राहिलं तरी वचन पाळलं, आणि मोडलं तर बहुतेक करारांत भरपाई म्हणून फक्त भाड्यातली थोडी सूट. डेटा गेला तर काय, याबद्दल आमच्या करारात एक ओळ नव्हती. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी तर आणखी जपावं: ऑगस्ट 2022 मध्ये नियम बदलल्यापासून कंपनीच्या हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे, आणि तो ठेवला नाही तर जाब कंपनीला विचारला जातो, होस्टिंगवाल्याला नाही.

पुढे काय केलं ते थोडक्यात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोलीस स्टेशनला सांगण्यात आलं की दीड-दोन वर्षं सेवा मिळाली होती, त्यामुळे हा दिवाणी वाद दिसतो. तरी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. वकिलांची नोटीस पुण्याच्या पत्त्यावरून परत आली, कारण तिथे नुसतं टपाल घेणारं भाड्याचं ऑफिस होतं. नावात टेक्नॉलॉजीज असलं तरी ती नोंदलेली कंपनी नव्हती, एकट्या माणसाची फर्म होती. ग्राहक आयोगाचा रस्ताही अवघड आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही. स्वतःच्या चरितार्थासाठी धंदा करणाऱ्याला सूट आहे, पण आमची भागीदारी पेढी, दोन गावांत नोकरमाणसं, म्हणून वकिलांनी दिवाणी दावाच सुचवला.

वह्या आम्ही पुन्हा उभ्या केल्या. ऑडिटसाठी सीएंकडे दिलेली 31 मार्च 2024 ची कॉपी होती, त्यावर वर्ष चढवायचं होतं. विक्रीची बाजू पोर्टलवरच्या जीएसटीआर-1 (विक्रीच्या रिटर्न) आणि ई-वे बिलांवरून (माल वाहतुकीच्या बिलांवरून) सापडली, पैशाची बँकेच्या स्टेटमेंटवरून, सौद्यांचे आकडे बाजार समितीच्या नोंदींवरून. शेतकऱ्यांच्या उचलीचं मात्र कुठल्याच पोर्टलवर काही नव्हतं. आमच्या दिवाणजींनी एकेकाला फोन लावले. जत, कवठेमहांकाळपासून माणसं आपापल्या जुन्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन आली. ज्यांच्याकडे आमची उचल निघत होती, त्यांनीही ती लपवली नाही. हे ऋण मी विसरणार नाही. वसमतच्या बाजूची काही खाती अजून जुळायची आहेत.

नव्या व्यवस्थेत सर्व्हरचं खातं आमच्या पेढीच्या नावावर, आमच्या ईमेलवर, आमच्या बँकेतून भाडं भरून घेतलेलं आहे. बसवून देणारा तंत्रज्ञ वेगळा, त्याची मजुरी वेगळी, आणि तो उद्या सोडून गेला तरी किल्ली आमच्याकडे राहते. दुकानाच्या नावाचं डोमेनही (वेबसाइटचा पत्ता) तसंच आपल्या नावावर आहे का ते तपासा, आमचं अजून त्या माणसाच्याच खात्यात अडकलेलं आहे. तुमचा टॅली कोणाकडे ठेवलेला असेल तर त्याला आजच फोन करा आणि एवढंच सांगा: आमचं फोल्डर आम्हाला आत्ता उतरवून हवं आहे. आलेली कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखाद्या खात्याची बाकी जुळवून बघा. तो सबबी सांगू लागला, तर पुढचे पैसे थांबवा आणि त्याच दिवशी सगळ्या खात्यांच्या लेजरचे प्रिंट काढायला घ्या.