पेरूत एकट्याने ट्रेक: इन्का ट्रेल, सालकंताय की चोकेकिराव?

पहिलीच गोष्ट सांगून टाकते, कारण ती कळायला मला स्वतःला दोन महिने लागले: क्लासिक इन्का ट्रेल, म्हणजे माचू पिचू या डोंगरावरच्या प्राचीन शहरापर्यंत जाणारी इन्का लोकांची जुनी दगडी वाट, एकट्याने करता येत नाही. म्हणजे तुम्ही पेरूला एकटे जा, कुस्को शहरात एकटे हिंडा, कोण अडवणार, पण माचू पिचूला जाणाऱ्या रेल्वेच्या किलोमीटर ८२ पाशी जो नाका आहे तिथे लायसन्सवाला गाइड आणि परमिट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि हा नियम २००१ पासूनचा आहे त्यामुळे 'कोणीतरी सांगितलं जमतं म्हणून' वगैरे सोडून द्या. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं, शनिवारी रात्री सॅक उचलायची आणि सुटायचं, आपल्याला हे पचायला जड जातं. पण तुम्ही 'सोलो' म्हणता तेव्हा नक्की काय हवंय ते आधी ठरवा, बाकी निवड त्यावरूनच होते. घरच्या ग्रुपशिवाय जायचंय, की वाटेवर खरंच कोणी नको आहे?

मी यातले दोन ट्रेक केलेत, सालकंताय आणि दोन वर्षांनी चोकेकिराव. इन्का ट्रेल मी पूर्ण केलेला नाही, फक्त शेवटचा एक दिवसाचा तुकडा चाललेय, पण माझ्या मावसबहिणीने चार दिवसांचा केलाय आणि आमचं त्यावरून अजून भांडण चालू आहे.

तर इन्का ट्रेल. साधारण ४३ किलोमीटर, चार दिवस तीन रात्री, सगळ्यात उंच खिंड ४२१५ मीटरची, तिचं नाव वार्मिवान्युस्का म्हणजे मेलेली बाई, डोंगराचा आकार आडव्या बाईसारखा दिसतो म्हणून. दिवसाला ५०० माणसं सोडतात पण त्यात गाइड, पोर्टर, आचारी सगळे धरलेले, म्हणजे प्रत्यक्ष चालणारे पाहुणे २०० च्या आसपास, त्यामुळे मे ते ऑगस्टची परमिटं पाच-सहा महिने आधीच उडतात. परमिटवर तुमचा पासपोर्ट नंबर असतो, ते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मध्येच पासपोर्ट रिन्यू करायचा असेल तर आधी करून घ्या. फेब्रुवारीत ट्रेल डागडुजीसाठी पूर्ण बंद. चालण्याच्या काठीला खाली रबराचं बूच लागतं, दगड झिजू नयेत म्हणून.

आता एवढी कटकट करून मिळतं काय? अवशेष. या बाबतीत बाकी दोन्ही वाटा हिच्या जवळपास येत नाहीत. रुन्कुराकाय, सायाक्मार्का, फुयुपातामार्का, विन्यायवायना, एकामागून एक, आणि तुम्ही ज्या दगडी पायऱ्यांवरून चालताय त्यातला बराच भाग मूळ इन्कांनीच घातलेला. इन्कांचं रस्त्यांचं जाळं साधारण ३०,००० किलोमीटरचं होतं, कापाक न्यान म्हणतात त्याला, आणि २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. चुना न घालता दगडात दगड बसवायचा, आपल्याकडे ज्याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतो तसलाच विचार, फक्त इथे दरवाजे वर निमुळते होत जातात आणि भिंती किंचित आत झुकलेल्या, भूकंपाचा प्रदेश आहे ना. विन्यायवायनाला मी पोचले तेव्हा ढग खालून वर येत होते आणि शेताच्या पायऱ्या एकेक करून गायब होत होत्या, मी चाळीस मिनिटं नुसती बसून राहिले, गाइड घड्याळ बघत होता.

हेच खरं दुखणं आहे. गाइड घड्याळ बघतो. सकाळी उठायची वेळ त्याची, जेवायची त्याची, शेवटच्या दिवशी साडेतीनला तंबूतून बाहेर काढतात आणि मग इंतिपुंकू म्हणजे सूर्यद्वारातून माचू पिचू पहिल्यांदा दिसतं. मावसबहीण म्हणते की त्या एका क्षणासाठी सगळं माफ, दारातून आत शिरायचं तर मुख्य दारातूनच शिरावं. शिवाय एकटी गेली तरी तिला आठ जणांचा ग्रुप मिळाला, त्यातल्या दोघींशी अजून व्हॉट्सॲपवर बोलते. खर्च मात्र दणदणीत, बऱ्यापैकी कंपनीबरोबर ७०० डॉलरच्या पुढेच समजा. कोणी फार स्वस्तात देत असेल तर ती बचत पोर्टरच्या पाठीवरून होतेय हे धरून चाला, माणशी वजनाची मर्यादा कायद्यात आहे, पण ती पाळली जाते का ते तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही, त्यामुळे विचारा. चार दिवस नको असतील तर किलोमीटर १०४ पासूनचा छोटा इन्का ट्रेल आहे, मी केला तो, विन्यायवायना आणि सूर्यद्वार दोन्ही मिळतं, फक्त गाइड आणि परमिट त्यालाही लागतंच.

सालकंताय याच्या अगदी उलट. परमिट नाही, गाइडची सक्ती नाही, वाटेत गावकरी प्रवेशाची पावती फाडतात तेवढीच. कुस्कोहून पहाटेच्या गाडीने सोरायपांपापर्यंत जायचं, पहिल्या दिवशी उमांताय तलाव बघून यायचा, हिरवानिळा रंग आहे, फोटोत खोटा वाटतो पण खरंच तसाच आहे, आणि दुसऱ्या दिवशी ४६०० मीटरच्या वरची खिंड. शेजारी सालकंताय शिखर ६२७१ मीटर, बर्फाने भरलेलं, मधूनच कडे कोसळल्याचा आवाज येतो. इथल्या लोकांसाठी ते नुसतं शिखर नाही, आपु आहे, म्हणजे डोंगरातला देव, खिंडीत दगडावर दगड रचून ठेवतात. आपल्याकडे घाटमाथ्यावर म्हसोबाला दगड वाहणारी माणसं बघितली असतील तर वेगळं समजवावं लागणार नाही.

एकटीने करायला हा ट्रेक सोपा आहे असं मी म्हणेन, सोपा म्हणजे पायाला नाही, डोक्याला सोपा. वाट ठळक आहे, ऑफलाइन मॅप पुरतो, रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरी किंवा कॅम्पवर झोपायला आणि गरम सूप मिळतं, म्हणजे तंबू-स्टोव्ह न घेताही जमतं. आणि पुढेमागे कायम माणसं असतात. बाई म्हणून मला एकदाही भीती वाटली नाही, फक्त खिंडीखालच्या रात्री थंडीने वाटली, जूनमध्ये पाणी बाटलीत गोठलं होतं. पण तिसऱ्या दिवशी सगळं बदलतं, तुम्ही उतरून दमट जंगलात येता, केळी, कॉफीची झाडं, डास, जॅकेट सॅकमध्ये. दोन दिवसात बर्फावरून थेट कोकणात.

तोटा सांगते. अवशेष कमी आहेत. वाटेत म्हणण्यासारखं एकच, यक्तापाता, तिथून समोरच्या डोंगरावर माचू पिचू लांबून दिसतं, छान दिसतं, पण चार दिवसात तेवढंच. मग हिद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्रापाशी उतरून रेल्वेच्या रुळाकडेने दहाएक किलोमीटर आग्वास कालियेंतेसपर्यंत, म्हणजे माचू पिचूच्या पायथ्याच्या गावापर्यंत, चालायचं, मागून शिट्टी वाजली की बाजूला व्हायचं. आणि माचू पिचूचं तिकीट वेगळं, ते आधी ऑनलाइन काढा, आतले ठरलेले मार्ग २०२४ पासून नव्याने आखलेत, त्यांना सर्किट म्हणतात, तो नेहमीचा पोस्टरवाला फोटो हवा असेल तर सर्किट २ मिळतंय का बघा, सर्किट ३ खालून जातं आणि लोक मग तिथे हिरमुसून उभे असतात. रोजची १००० तिकिटं आग्वास कालियेंतेसमध्येच खिडकीवर देतात, पण सीझनमध्ये त्या रांगेच्या भरवशावर एवढ्या लांब जाऊ नका.

माझी फजिती पण सांगून टाकते. मी पहिल्यांदा एका एजन्सीकडून फक्त सोरायपांपापर्यंतची गाडी बुक केली होती, नाव नाही सांगत, पहाटे चार वाजता हॉटेलबाहेर उभी राहिले, साडेपाच झाले, गाडी नाही, फोन नाही. शेवटी चौकात दुसऱ्यांच्या व्हॅनमध्ये एक सीट रिकामी होती त्यात पैसे देऊन बसले. तेव्हापासून एक दिवस कायम जास्तीचा ठेवते.

आता चोकेकिराव, आणि इथे मी तटस्थ राहणार नाहीये.

नावाचा अर्थ सोन्याचा पाळणा. माचू पिचूसारखंच डोंगराच्या धारेवर बसलेलं इन्कांचं ठिकाण, अजून बराचसा भाग झाडीखालीच आहे, आणि तिथे गाडी जात नाही, रेल्वे जात नाही. रोपवेची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, होईल तेव्हा होईल, तोपर्यंत जायचं तर चालतच. अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम १९११ मध्ये माचू पिचूला पोचला हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९०९ ला, तो चोकेकिरावला येऊन गेला होता आणि तिथूनच त्याला इन्कांच्या हरवलेल्या शहरांचं वेड लागलं. स्पॅनिशांविरुद्ध १५३६ ला उठाव करून इन्कांचा राजा मांको इन्का याच डोंगररांगांमध्ये मागे सरकला आणि त्याच्या वंशजांनी १५७२ पर्यंत झुंज दिली. तो भूगोल डोळ्याने बघितला की गनिमी काव्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही, घोडेस्वाराने इथे करायचं तरी काय.

वाट अशी की काचोरा गावापुढे कापुलियोकपासून, जवळजवळ २९०० मीटरवरून, थेट आपुरिमाक नदीपर्यंत उतरायचं, नदी साधारण १५०० मीटरवर, आणि मग समोरची भिंत तेवढीच चढून मारांपाता या वस्तीला पोचायचं. म्हणजे पायथ्याच्या गावापासूनची चढाई धरली तर दीड कळसूबाई खाली आणि दीड कळसूबाई वर, आणि येताना परत तेच. उंचीचा त्रास इथे कमी, पण गुडघे! नदीपाशी दुपारी ऊन असं की आपल्या मे महिन्यातल्या कातळाची आठवण यावी, सावली नाही, वर बारीक माश्या चावून पाय सुजवतात, फुलपँट घाला, माझं ऐका. कमीत कमी चार दिवस, मी पाच घेतले.

पण वर पोचल्यावर मोठ्या चौकात मी होते त्या दिवशी सगळे मिळून अकरा लोक होते, त्यात दोन गवत कापणारे कामगार. दोरी नाही, शिट्टी मारणारा रखवालदार नाही, बाणांचे मार्ग नाहीत. खाली उतारावरच्या पायऱ्यांच्या भिंतींमध्ये पांढऱ्या दगडात लामा, म्हणजे तिथला ओझं वाहणारा प्राणी, काढलेत, ओळीने, मोठे आणि त्यांच्याबरोबर पिल्लंही, ते या शतकाच्या सुरुवातीला झाडी काढताना सापडले. ते बघायला आणखी उतरावं लागतं आणि अर्थात परत चढावं लागतं, मी तिथे बसून भाकरीसारखा कोरडा पाव खाल्ला आणि तासभर कोणीही आलं नाही.

एकट्याने करायला हे कठीण आहे हे लपवत नाही. वाट चुकण्यासारखी नाहीये, पण पाय मुरगळला तर सिग्नल नाही, मदत म्हणजे खेचर. मोडकंतोडकं स्पॅनिश हवंच, मारांपातामधल्या काकूंना इंग्रजीशी काही घेणंदेणं नाही. एटीएम नाही, सोल या पेरूच्या चलनात सुट्टी रोकड लागते. मी सॅकसाठी खेचर केलं होतं, खेचरवाला बरोबर आला, म्हणजे शंभर टक्के सोलो नव्हतं, त्याची लाज वाटत नाही. आणि हे लक्षात घ्या की इथून माचू पिचू लागत नाही, तेही चालतच हवं तर पुढे यानामामार्गे आठ-नऊ दिवसांची मोठी वाट आहे.

लारेस ही आणखी एक वाट, तिचं एका ओळीत सांगते: गावं, विणकाम, गरम पाण्याची कुंडं हवी असतील तर सुंदर, पण अवशेषांसाठी जाऊ नका.

माझं मत विचाराल तर, पहिल्यांदाच चार हजार मीटरवर जाताय, एकटे आहात आणि सुट्टी दोन आठवडे, तर सालकंताय करा आणि वाचलेल्या दिवसात कुस्कोजवळच्या ओयांतायतांबो आणि पिसाकचे अवशेष निवांत बघा, अवशेषांची भूक तिथे भागते. इतिहासाचं वेड असेल आणि सहा महिने आधी प्लॅनिंग करणारी माणसं असाल तर इन्का ट्रेल, 'सोलो' या शब्दाचा हट्ट सोडून. आणि माचू पिचू आधी बघितलं असेल किंवा गर्दी बघून डोकं फिरत असेल, वर हिमालयात एखाददुसरा ट्रेक झालेला असेल, तर सरळ चोकेकिराव. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, तेव्हा तिन्ही नकोत. 'आम्ही पावसाळ्यातच ट्रेक करतो' हा आपला माज तिथे चालत नाही, दरडी येतात.

वाट कुठलीही घ्या, उंचीची चेष्टा करू नका. कळसूबाई १६४६ मीटर, तिच्यावर अजून एक कळसूबाई ठेवली तरी कुस्को शहर त्याच्या वरच, ३४०० मीटरवर. विमानातून उतरलात की त्याच दिवशी ओयांतायतांबोला खाली या, २८०० च्या आसपास आहे, दोन-तीन दिवस काढा, मगच ट्रेक. डोकं दुखतंय, उलटी होतेय तर वर चढायचं नाही, उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं आधी डॉक्टरला विचारा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, प्या, पण पानं सॅकमध्ये टाकून भारतात आणू नका, इथे तो गुन्हा आहे.

कागदपत्रांचं: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, निघायच्या आधी वकिलातीच्या साइटवर एकदा खात्री करा. आणि यलो फीव्हरची लस, ही लोक हमखास विसरतात. पेरूपेक्षा ती परत येताना भारतात लागते, सर्टिफिकेट नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात टाकू शकतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका.

खाण्याची काळजी शाकाहारी लोक फार करतात, गिनिपिग खातात म्हणून ऐकलेलं असतं. खातात, पण बटाटा तिथलाच आहे, शेकडो जाती, क्विनोआचं सूप आहे, मोठ्या दाण्याचं मक्याचं कणीस आहे. मी घरून राजगिऱ्याच्या चिक्कीची दोन पाकिटं वाहून नेली आणि कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात बघते तर तीच चिक्की, किविचा म्हणतात तिकडे, गुळासारख्या पाकातली, आमच्या वाण्यापेक्षा ताजी. तेव्हा तेवढं वजन कमी करा.