बारमाही फुलांचं बी: मृगात वाफ्यावर की वैशाखात ट्रेमध्ये?

सदाफुली, अबोली, गोकर्ण, गुलबक्षी ही वर्षानुवर्षं टिकणारी झाडं बियांवरून करायची ठरवली, की देशावर आपल्यापुढे दोनच खरे रस्ते असतात. मृगाचा पाऊस पडून वापसा आला की सरळ वाफ्यात बी टाकायचं, किंवा वैशाखातच ट्रेमध्ये रोपं करून ठेवायची आणि पावसाच्या तोंडावर ती जमिनीत लावायची. दसऱ्यानंतरचा हंगाम मी यात धरत नाही. तो कार्नेशन, शास्ता डेझी अशा थंडी मानवणाऱ्या झाडांचा. सदाफुली-अबोली तेव्हा पेरली तर उगवते, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत रोपं आखडून बसतात.

मृगाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पाणी आभाळातून येतं, रोप हलवावं लागत नाही, मुळाला धक्का बसत नाही. गुलबक्षीसाठी तर मी दुसरा विचारच करत नाही. तिचं काळं, मिरीएवढं बी पेरभर खोल टोचलं की आठ-दहा दिवसांत वर येतं. पुढे जमिनीत तिचं मूळ कंदासारखं फुगतं. उन्हाळ्यात वरचं झाड वाळून गेलं तरी पाऊस पडताच ती त्याच जागी पुन्हा फुटते. गोकर्णालाही सोटमूळ असतं आणि लहानपणी जागा बदललेली त्याला फारशी आवडत नाही. बी पॉलिशपेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं पेरा, जे कडकच राहिलं ते पुन्हा घासा.

पण बारीक आणि सावकाश उगवणाऱ्या बियांचा प्रश्न आला की मृगाच्या पेरणीतली एक गोष्ट मला फार छळते: तण.

पहिल्या दोन-तीन सरींनंतर मातीत दडलेलं सगळं बी एकदम जागं होतं. आर्द्रा लागेपर्यंत वाफा हिरवागार दिसतो आणि त्यातलं आपलं किती, ते सांगता येत नाही. अबोलीचं बी तीन आठवडे सहज घेतं, कधी त्याहून जास्त. तेही सगळं एकदम उगवत नाही, मागेपुढे उगवतं. तोवर केना, टाकळा, लव्हाळा, हरळी यांनी जागा धरलेली असते. यात झाडांचा दोष नाही. टाकळ्यासारख्या तणाला त्याच मोसमात वाढून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं, म्हणून ते घाईत असतं. आपल्या बारमाही रोपाला पुढची कित्येक वर्षं काढायची असतात. ते आधी मुळं धरतं आणि वर बराच काळ दोन-चार पानंच दाखवतं.

मग खुरपं घेऊन उकिडवं बसायचं आणि दर कोंबापाशी थांबायचं: हे आपलं की परकं? पहिली दोन पानं इतकी सारखी असतात, की सरावलेल्या नजरेलाही खात्री देता येत नाही. ठेवलं तर तण रोपाला दाबून टाकतं, उपटलं तर आपलंच रोप हातात येण्याची भीती. ओळीत पेरून दोन्ही टोकांना काड्या लावल्या की ओळींमधलं तण तरी बिनधास्त काढता येतं, पण खुद्द ओळीत उगवलेल्याचं काय? आणि हरळीची काडी ओढली की शेजारचं सदाफुलीचं कोवळं रोप मातीसकट वर येतं. काळ्या मातीत आणखी एक त्रास. जोराची सर पडून ऊन तापलं की वरचा थर घट्ट बांधतो आणि बारीक बियांचे कोंब खालीच अडकतात.

ट्रेमध्ये हा प्रश्नच उरत नाही. कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं गांडूळखत भरलं, की जे उगवलं ते बहुतेक आपलंच. फक्त कच्चं शेणखत त्यात घालू नका, नाहीतर त्यातून तणाचं बी येतं.

ट्रे म्हणजे फुकटचं सुख मात्र नव्हे. वैशाखाच्या झळांत सकाळ-संध्याकाळ पाणी बघावं लागतं, दुपारची सावली लागते, आणि मुंग्या बी पळवतात. त्यासाठी पाण्याच्या घमेल्यात विटा मांडून त्यांवर ट्रे ठेवलेला बरा. कोकोपीट वरून कोरडं दिसतं तेव्हा आत ओलं असतं. हात सैल सोडला तर रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. त्यामुळे झारी बाजूला ठेवून ट्रे थोडा वेळ परातीतल्या पाण्यात टेकवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. सदाफुलीच्या बियांना उगवताना अंधार लागतो. मातीचा पातळ थर देऊन वर वर्तमानपत्र झाका आणि कोंब दिसताच ते काढा.

मे महिन्यात घर बंद करून गावी जाणार असाल आणि पाणी घालायला कुणी नसेल, तर मृगच बरा, हे मी मोकळेपणाने सांगेन. जागा मोठी असेल, बी घरचं आणि भरपूर असेल, तरीही. कोकणात मात्र सरींचा जोर पाहता बारीक बी उघड्या वाफ्यात टाकावंसं वाटत नाही.

बाकी बहुतेकांना मी ट्रेच सुचवेन. माझ्याकडे तरी ट्रेमधली सदाफुली वाफ्यातल्या सदाफुलीच्या बरीच आधी फुलते, आणि बोटभर उंचीचं रोप लावलं की खुरपताना हात अडखळत नाही. अबोली सावकाश, म्हणून ती एप्रिलच्या उत्तरार्धात पेरावी. सदाफुली मेच्या सुरुवातीला. गोकर्ण ट्रेमध्ये करायचंच असेल तर अगदी शेवटी, कागदी कपात, म्हणजे कपासकट जमिनीत जाईल. रोपांना चार-सहा पानं आली की आठवडाभर हळूहळू ऊन दाखवा. पहिल्या पावसाने जमिनीची धग गेली, की ढगाळ संध्याकाळी लावा.

अबोलीचं बी घरचं घ्यायचं असेल तर ते आत्ताच बघा. तिची पिकलेली बोंडं ओली झाली की तडकून बी लांब उडवतात, म्हणून तपकिरी झालेली कणसं वळवाच्या सरीआधी, कोरडी असतानाच खुडावीत. मग ती पाण्याच्या वाडग्यात टाकून वर फडकं झाकलं की बी आत गोळा होतं. तुमच्याकडची अबोली ‘दिल्ली’ जातीची असेल तर ती बी धरत नाही. तिच्या काड्याच लावाव्या लागतात.