नऊ महिने वापरल्यावर: स्वतः बनवलेला टँकचा स्टँड

माशांच्या चार फुटी काचेच्या टँकसाठी लाकडी स्टँड बनवून नऊ महिने झाले. त्याआधी भिंतीवरची एक मांडणी सोडली तर मी लाकूडकाम केलं नव्हतं. त्यामुळे लाकूड हे वजन पेलेल का, हीच धास्ती होती. टँक १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे काठोकाठ २४३ लिटर पाणी, लिटरला एक किलो. काच, वाळू, दगड धरले की तीनशे किलोच्या आसपास जातं.

वजनाचा प्रश्न मात्र कधी आलाच नाही. उभं लाकूड दाबाला फार दणकट असतं, फक्त वजन थेट त्याच्यावर यायला हवं. माझ्या पहिल्या आराखड्यात वरची चौकट पायांच्या बाजूला स्क्रूने आवळलेली होती. म्हणजे सगळा भार स्क्रूंवर! तो बदलून चौकट पायांच्या डोक्यावरच बसवली. स्क्रू आणि गोंद आता फक्त जोड जागेवर धरून ठेवतात. नवख्या माणसाने एवढं एक पाळलं तरी खूप झालं.

खरा त्रास डुलण्याचा. नुसती चौकट उभी केली तेव्हा हाताने ढकलली की तिरकी व्हायची. मागे १२ मिलिमीटरचा प्लाय गोंद लावून, जवळजवळ स्क्रू मारून बसवला आणि डुलणं थांबलं. प्लाय लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, आणि प्लाय तो तिरकेपणा कायमचा पक्का करतो.

माझ्या टँकचा तळ सपाट काचेचा, म्हणून वरच्या फळीवर फोमची शीट अंथरली. अर्धं पाणी भरून लेव्हल लावली तर एक कोपरा खाली होता. पाणी काढून स्टँडच्या पायाखाली पाचर दिली. पाचर काचेखाली कधीही देऊ नका, एकाच ठिकाणी ताण येऊन काच तडकू शकते.

आता चुका. आतल्या कप्प्याची उंची मी फिल्टरच्या उंचीवरून ठरवली. वरून वळणाऱ्या नळ्या आणि झाकण उघडणारा हात हिशेबात धरलाच नाही. साफसफाईला दर वेळी अख्खा फिल्टर बाहेर ओढावा लागतो. एक वीत जागा जास्त ठेवायला हवी होती.

दुसरी चूक पॉलिशची. दिसणाऱ्या भागाला पॉलियुरेथेनचे तीन हात दिले, पण पायांचे खालचे कापलेले टोक कोरेच राहिले. लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच पितं. पाणी बदलताना सांडलेले थेंब तिथे मुरले आणि सहाव्या महिन्यात दोन पाय बुडाशी काळे पडले. लाकूड अजून टणक आहे. दारही फुगून घासायला लागलं होतं, कारण त्याच्या आतल्या कडांना हात फिरवलाच नव्हता. ते रंधून, कडा बंद करून परत लावलं, आता नीट मिटतं. पायांसाठी मात्र पुढच्या महिन्यात टँक रिकामा करणार आहे. टोकं वाळवून सील करायची आणि खाली रबराचे पॅड द्यायचे.