अडगळीच्या खोलीत खुराडं की अंगणात वेगळं?

मागच्या अंगणात पत्र्याची अडगळीची खोली आहे आणि चार-सहा गावरान कोंबड्या पाळायचं घरात ठरलं आहे, तर पहिला प्रश्न हाच येतो. खोलीचाच एक कोपरा अडवून कोंबड्यांना द्यायचा, की बाहेर झाडाखाली वेगळं खुराडं बांधायचं? पुण्यात बावधनच्या घरी मी दोन्ही करून पाहिलं. आधी दोन वर्षं बाहेरचं खुराडं होतं, आता कोंबड्यांचा खोलीतला तिसरा पावसाळा चालू आहे. पक्ष्यामागे किती जागा, बसायची दांडी किती उंच, लस कधी, हे तुम्ही वाचलेलं असेलच. त्यात शिरत नाही.

बाहेरच्या खुराड्याची बाजू आधी सांगतो, कारण सुरुवातीला मी त्याच बाजूचा होतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणलं, ओळखीच्या सुताराने दोन दिवसांत पेरूच्या झाडाखाली खुराडं उभं केलं आणि दिवाळीपासून मेपर्यंत त्याबद्दल एक तक्रार नव्हती. हवा खेळती. सकाळी दार उघडलं की कोंबड्या थेट अंगणात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी त्या सावलीत निवांत असायच्या. डिसेंबरच्या पहाटे गोणपाटाचा पडदा सोडला की थंडीचंही भागायचं.

मग जून आला.

पुण्याचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, म्हणून त्याला हलका समजू नका. आमच्या पश्चिमेकडच्या भागात मुळशीच्या अंगाने येणारी झिमझिम आठ-आठ दिवस हटत नाही, आणि ती सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर तिरपी येते. छप्पर दीड फूट बाहेर काढलेलं होतं, तरी झड आत यायचीच. खालची तुसाची गादी आधी कडेने ओली व्हायची, मग पाण्याच्या भांड्याभोवती, आणि तिसऱ्या दिवशी सगळीच. ओलं तूस आणि विष्ठा एकत्र दबली की तिची थापी बसते. फावडं घातलं की ती भाकरीसारखी अख्खी सुटते, आणि तिच्याखालून जो वास येतो त्याने डोळे चुरचुरतात. आपण उभे असतो तेव्हा तो इतका जाणवत नाही. एकदा गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक न्या, म्हणजे ती रात्रभर कशात श्वास घेते ते कळेल.

गादी तपासायची पोल्ट्रीवाल्यांची एक सोपी रीत आहे. मूठभर तूस घट्ट आवळायचं. गोळा होऊन बोट लावताच सुटला तर ओल बरोबर, तसाच राहिला तर जास्त. जुलैभर माझ्या हातात तो गोळा तसाच राहायचा. रोज सकाळी छत्री मानेत धरून गादी खालीवर करायची, चुन्याची भुकटी टाकायची, दोन दिवसांआड नवं तूस पसरायचं, आणि ते तूस कोरडं राखायला पुन्हा जागा शोधायची. कोंबड्यांच्या नखांना चिखलाचे गोळे लागलेले, त्याच पायांनी खोक्यात बसल्या की अंडी माखलेली. ओल्या गादीत रक्ती हगवण फोफावते. दुसऱ्या वर्षी माझ्या दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, त्यात गेल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी कुंपणापाशी थांबवलं. "रागावू नकोस हं, पण वास माझ्या देवघरापर्यंत येतोय रे." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या रात्री मी खोली रिकामी करायला घेतली.

खोलीत पहिल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर मूठ आवळली, तेव्हा गोळा बोट लावताच सुटला. पावसाळाभर गादी फक्त आठवड्यातून दोनदा खालीवर केली. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

पण खोली आहे तशी कोंबड्यांना देता येत नाही. पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून मी पूर्वेचा पत्रा चार फूट बाय तीन फूट कापून तिथे जाळी ठोकली आणि पश्चिमेला फक्त वळचणीखाली नऊ इंचांची पट्टी मोकळी ठेवली. गरम, दमट हवा वरून निघून जाते, आणि दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही. जाळी अर्ध्या इंची वेल्ड मेशचीच घ्या. षटकोनी चिकन जाळीला मुंगूस दाद देत नाही. खाली कोबा असेल तर घुशीची काळजी मिटते. बाहेरच्या खुराड्याला मात्र भोवती फूटभर खोल जाळी पुरावी लागते, तो खर्च इथे वाचला.

पत्रा तापतो, हे खरं. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडवून ती धापा टाकू लागली की वेळ गंभीर आहे असं समजा. मी छपरावर चुना मारतो, त्यावर पाचट अंथरतो आणि दुपारी जाळीवर ओलं गोणपाट सोडतो. एप्रिल-मे अशा तऱ्हेने निभावतात. झाडाच्या सावलीची सर त्याला येत नाही, हे कबूल करतो.

दुसरा तोटा धुळीचा. पिसांची भुकटी आणि तूस मिळून इतकी बारीक धूळ उडते की महिन्याभरात मुलाची सायकल पांढुरकी झाली. नुसत्या जाळीने ती अडत नाही. अडगळ आणि कोंबड्या यांच्यामध्ये छपरापर्यंत प्लायवूड लावा. रंगाचे डबे, थिनर, उंदराचं औषध, कीटकनाशक हे पहिल्याच दिवशी त्या खोलीतून हलवा, कारण कोंबडी दिसेल त्यावर चोच मारते. उजेडाकडेही लक्ष हवं. अंड्यांसाठी दिवसाला साधारण १४ तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपला दिवस जेमतेम ११ तासांचा. छपराचा एक पत्रा काढून पारदर्शक पत्रा टाकला आणि पहाटे एक छोटा दिवा लावतो, तेव्हा थंडीतही अंडी टिकून राहिली.

तुमचं घर पुण्याच्या पूर्वेला हडपसर, वाघोली, लोहगावकडे असेल, अंगणात मोठं झाड असेल, तर मी वाद घालणार नाही. तिकडे झड कमी आणि ऊन जास्त, कदाचित बाहेरचंच सोयीचं पडेल. बावधन, पाषाण, सूस, वारज्याच्या पट्ट्यात मात्र मी कुणालाही आधी खोलीकडेच बोट दाखवीन. फक्त पत्रा कापायचं काम मे संपायच्या आत उरका, आणि जागा बदलल्यावर चार-पाच दिवस कोंबड्या आतच ठेवा, नाहीतर संध्याकाळी जुन्याच जागी जाऊन बसतात.

जुनं खुराडं मी मोडलेलं नाही. दिवाळीनंतर एखादी खुडूक झाली की तिला अंड्यांवर २१ दिवस तिथेच बसवतो. कोरड्या दिवसांत ती जागा अजूनही सगळ्यांत शांत आहे.