बॅटरीची रिक्षा : दोन पावसाळे काढल्यावर

मे २०२३ मध्ये इथं कोल्हापुरात पेट्रोलची रिक्षा देऊन बॅटरीची घेतली. तेव्हापासून स्टॉपवरची पोरं विचारत्यात, "तात्या, घेऊ काय आम्ही पण?" एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे.

आधी ॲव्हरेज. एका चार्जिंगला कंपनी १५० किलोमीटर सांगते. तीन सीट, पिशव्या, कावळा नाक्याचा आणि विद्यापीठाकडचा चढ धरून मला ११० ते ११५ मिळतात. घरच्या मीटरवर रात्रीत चार्जिंग होतं आणि ८०-९० रुपयांत दिवस निघतो. तेवढ्याच फेऱ्यांना पेट्रोल साडेचारशेचं लागायचं. हप्ता त्यातूनच फिटतो. महाद्वार रोडच्या गर्दीत इंजिनाची धग पायाला लागत नाही, संध्याकाळी डोकं दुखत नाही. माझ्या वयाच्या माणसाला हे पैशापेक्षा मोठं आहे. उन्हाळ्यात एक पथ्य पाळावं लागतं. एप्रिलच्या दुपारी गाडी तापलेली असताना चार्जिंगला लावली तर ते रेंगाळतं. तासभर सावलीत उभी करून मगच वायर लावायची.

इथवर गाडीला पैकीच्या पैकी. आता पाण्याचं.

माझं घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंचांवर गेली, तेव्हा जुनी रिक्षा हुडापर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, सायलेन्सरमधला चिखल काढला, ऑईल बदललं आणि गाडी रस्त्याला लागली. बॅटरीच्या गाडीत असा मिस्त्री कामाला येत नाही. घेताना शोरूममध्ये मला 'आयपी ६७' (धूळ-पाणी किती सोसेल त्याचा आकडा) असं छापलेलं दाखवलं आणि वॉटरप्रूफ आहे म्हणून सांगितलं. त्या ७ चा अर्थ मी नंतर पोरीकडून समजून घेतला : एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडं पुराचं पाणी आठवडाभर दारात उभं राहतं, तेही गाळासकट. शिवाय तो आकडा बॅटरीच्या पेटीचा. कंट्रोलर (मोटरला करंट सोडणारी पेटी), वायरींचे जोड, चार्जर यांचं वेगळं.

हे मी पैसे घालवून शिकलो. जुलै २०२४ मध्ये नदीनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. ३९ ला इशारा पातळी लागली तेव्हाच गाडी राजारामपुरीत मेहुण्याच्या दारात नेऊन लावली होती, तेवढं शहाणपण होतं. पण रेडेडोह फुटल्याची, म्हणजे तिथं नदीचं पाणी पात्राबाहेर पसरल्याची, बातमी आली त्या दिवशी शाहूपुरीतल्या एका आजींना सामानासह हलवायचं होतं. जयंती नाल्याचं पाणी मागं फुगून गल्लीत गुडघाभर आलं होतं. आत गेलो, आजींना घेऊन बाहेरही आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्प्लेवर लाल खूण, गाडी जागची हलेना. सर्व्हिस सेंटरनं नऊ दिवस ठेवून घेतली, पार्ट पुण्याहून येणार म्हणाले. पाण्यात घातली म्हणून वॉरंटी नाही. नऊ दिवसांचा धंदा आणि वर पार्टचे पैसे. पुन्हा तशी वेळ आली तरी आजींना आणायला मी जाणारच. म्हणून गाडी कशी असावी हे सांगतोय : कंट्रोलर सीटच्या उंचीवर पाहिजे, आणि पार्ट कोल्हापुरात मिळाला पाहिजे. कंपन्यांनी या दोन गोष्टी केल्या तर मी स्वतः दहा गिऱ्हाईकं आणून देईन.

यावर कुणी म्हणेल, मग पेट्रोलचीच बरी. मला ते पटत नाही. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि टँकर अडकले. पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवलं होतं. कोरड्या भागात रिक्षा होत्या, बसायला माणसं होती, टाकीत थेंब नव्हता. उंचावरच्या भागात लाईट असेल तर बॅटरीची गाडी तेव्हा चालेल. सवाल उंचावर चार्जिंग आहे का, एवढाच.

आणि तिथंच मन खट्टू होतं. नाल्याच्या अंगाला नवं अपार्टमेंट बघितलं, चार्जिंग पॉइंट तळघराच्या पार्किंगमध्ये! पहिल्या फुगीलाच तिथं पाणी भरणार. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा. आम्ही २००५ बघितला. त्याहून मोठा २०१९. त्याच्याही वर २०२१, ५६ फूट ३ इंच. सोळा वर्षांत तीन. पोरगी कॉलेजात पर्यावरण शिकते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास तिनं मला सांगितला : १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, तिकडून येणारा वारा कधी जास्त ओल आणतो आणि ती दोन-चार दिवसांत एकदम ओततो. मला त्यातलं शास्त्र सगळं कळलं असं नाही, पण राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पेठेत माणसं माळ्यावर सामान चढवत्यात, ते कळतं.

पाणी जायला जागा पण आपणच कमी केली. कपिलतीर्थ तळ्याची मंडई झाली, वरुणतीर्थ तळ्याचं गांधी मैदान झालं, आणि मोठ्या पावसात गांधी मैदान आजही तळं होतं. शिरोलीकडचा महामार्गाचा भराव काढून रस्ता खांबांवर न्यावा, ही इथल्या लोकांची मागणी आहे. माझीही आहे. रोज त्या रस्त्यानं एमआयडीसीतल्या कामगारांना सोडतो मी.

तर पोरांनो, गाडी चांगली आहे, घ्या. पण बुकिंगच्या आधी तीन कामं करा. सर्व्हिस सेंटरला जाऊन कंट्रोलर पाण्यानं गेला तर किती दिवस आणि किती पैसे, ते लिहून घ्या. विमा काढताना पुराचं नुकसान आणि बॅटरी दोन्ही धरलंय का ते विचारा, मी विचारलं नव्हतं. आणि ३९ फूट झाल्यावर गाडी कुठं लावणार ती जागा आज ठरवा, तिथल्या प्लगसकट. महापालिकेनं सागरमाळ, राजारामपुरी, संभाजीनगर अशा उंच भागात रिक्षांसाठी पावसाळी चार्जिंग स्टॉप काढावा म्हणून आम्ही स्टॉपवरची माणसं अर्ज लिहितोय, सही करायला या. तोवर मेहुण्याच्या भिंतीवर सहा फूट उंचीला मी माझ्या खर्चानं वेगळा प्लग बसवून घेतलाय. दोन गाड्या लागतात तिथं, एक जागा मोकळी आहे.